दीडशे घोडे आणि चार रबरं

जुनी, पण एके काळी वेगासाठी नावाजलेली गाडी बाळगणारा माणूस भेटला, की पहिल्या पाच मिनिटांत तो अश्वशक्तीचा आकडा सांगतो. विचारावं लागत नाही. मीही सांगून मोकळा होतो: ऑक्टाव्हिया आरएस, 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 अश्वशक्ती. युरोपात याच गाडीला 180 होती. 2004 मध्ये ती आपल्याकडे आली तेव्हा तीस घोडे वाटेत कुठे उतरले, याबद्दल आरएसवाल्या मंडळींत अजून हळहळ व्यक्त होते. ती व्यक्त करता करता उरलेल्या दीडशेंचं कौतुकही करून घेता येतं, त्यामुळे हा विषय कुणी मिटू देत नाही.

पण "माझ्या लोअर आर्मचे बुश बघितलेत का, काय ताजे आहेत!" असं म्हणणारा इसम मला आजवर भेटलेला नाही. लग्नघरात फोटो नवरदेवाचे निघतात. बर्फ संपला म्हणून भर उन्हात लादी खांद्यावर घेऊन धावत येणारा चुलतभाऊ अल्बममध्ये शोधून सापडत नाही. बुशचं तसंच आहे. इंजिन मिरवतं, आणि त्याचं मिरवणं रस्त्याला धरून राहावं म्हणून चार रबरं राबतात. दोन डाव्या आर्ममध्ये, दोन उजव्या.

बॉनेट उघडून यातलं काहीच दिसत नाही, म्हणून जरा खाली वाकून सांगतो. पुढच्या प्रत्येक चाकाशी एक उभा खांब असतो. खांब म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, गॅरेजच्या भाषेत शॉकअप, आणि त्याच्याभोवती स्प्रिंग. ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची. आधी जनरल मोटर्स आणि मग फोर्ड असा त्याचा प्रवास. 1950 साली ब्रिटनमधल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांना त्याचे खांब लागले आणि मग जगभर पसरले. आपल्या मारुती 800 लाही तेच होते. जागा कमी, भाग कमी, खर्च कमी. जगात टिकायला आणखी काय लागतं?

खांबाचं खालचं टोक जागेवर ठेवायला एक लोखंडी त्रिकोणी हात असतो, तो लोअर आर्म. त्याचं बाहेरचं टोक बॉल जॉइंटने चाकाकडे जोडलेलं, आतली दोन टोकं गाडीच्या सांगाड्याकडे. मात्र या आतल्या टोकांना लोखंड लोखंडाला भिडवत नाहीत, मध्ये रबर घालतात. पुढचा बुश लहान आणि भरीव. मागचा पसरट, वाटीएवढा, आणि त्याच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या दोन पोकळ्या. चाक खड्ड्यात आपटलं की आर्म किंचित मागे सरकावा आणि दणका आपल्या कमरेपर्यंत पोचू नये, म्हणून ही सोय. ब्रेक मारला की चाकाला मागे ओढणारा बराचसा जोरही त्याच बुशवर येतो. म्हणजे एकाच रबराने लाडही करायचे आणि शिस्तही लावायची. असं काम अंगावर घेणारा लवकर थकतो, हे घरोघरी ठाऊक आहे.

रबर थकल्याची बातमी पहिल्यांदा आवाजातून कळते. घरातल्या माणसांची कानांबाबत एकवाक्यता नसल्यामुळे तिथेच घोळ सुरू होतो. "अहो, खालून पुन्हा टकटकतंय," असं बायको म्हणते. मागे बसलेल्या आईला तो आवाज डिकीतल्या डब्याचा वाटतो. (ऑक्टाव्हियाची डिकी मागच्या काचेसकट उघडते. तिला सेडान म्हणावं का, यावर भांडायला काही मंडळी कायम तयार असतात. आमच्या घरी आंब्याच्या पेट्या आडव्या मावतात या मुद्द्यावर तो वाद संपलेला आहे.) मला स्वतःला तो आवाज बराच काळ शेजारून जाणाऱ्या रिक्षाचा वाटत होता.

खरं तर प्रत्येक भागाचा आवाज ठरलेला असतो. फरसबंदीवरून हळू जाताना पुढून बारीक कटकट आली, तर ती लिंक रॉडची. पार्किंगमध्ये जागच्या जागी स्टिअरिंग फिरवताना वीणेची तार निसटल्यासारखं टंग वाजलं, तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग गेलं. ब्रेक मारला की एकच जाड धप्प, आणि ब्रेक सोडला की दुसरा, तो मागच्या बुशचा. बॉल जॉइंट आधी कुरकुरतो. त्याचं रबरी बूट फाटतं, ग्रीस धुऊन जातं, आत माती शिरते, मग तो टकटकायला लागतो. बाकीचे भाग महिनाभर थांबतील, हा थांबत नाही. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं, आणि ते चालत्या गाडीत पडतं. त्याच्याबाबत विनोद करायची माझी छाती नाही.

आमचे सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी एकदा गाडीखाली डोकावून बराच वेळ काही शोधलं आणि विचारलं, "जावईबापू, हिला ग्रीसचं निपल कुठे आहे?"

"नाही हो, नाना. मेन्टेनन्स-फ्री आहे."

"म्हणजे मेन्टेनन्स करायचा नाही की करता येत नाही?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात पुढच्या सांध्यांना ठरावीक अंतराने ग्रीस द्यावंच लागायचं. पेट्रोल पंपांवर 'ऑइलिंग-ग्रीसिंग' अशा पाट्या असायच्या. ग्रीसगन घेतलेला माणूस निपल पुसता पुसता सांगायचा, साहेब, इथे प्ले आलाय. कटकट होती, पण त्या कटकटीच्या निमित्ताने गाडीच्या गुडघ्यांची विचारपूस व्हायची. मग रबराचे बुश आणि सीलबंद सांधे आले, ग्रीस थांबलं आणि विचारपूसही थांबली. रबर मात्र म्हातारं व्हायचं थांबलेलं नाही. उन्हाने, इंजिनच्या उष्णतेने, ठिबकलेल्या ऑइलने आणि हवेतल्या ओझोनने त्याला चिरा पडतात. गाडी फार चालवली नाही म्हणून ते वाचत नाही. कव्हर घालून जपलेल्या, दसऱ्याला हार घालण्यापुरत्याच बाहेर काढलेल्या गाडीचे बुशसुद्धा फाटलेले निघतात.

यात खरी गंमत माणसाची आहे. बुश एका दिवसात फाटत नाही, रोज केसभर फाटतो, आणि चालवणारा रोज केसभर सवय लावून घेतो. गाडी ब्रेक मारताना जराशी डावीकडे जाते, तर हात आपोआप जरासा उजवीकडे. हायवेवर ती किंचित भरकटते, तर मनगट सतत बारीक दुरुस्त्या करत राहतं. खंबाटकीच्या चढावर वळण घेताना पुढचं चाक निर्णय घ्यायला एक क्षण जास्त लावतं, म्हणून आपण वळण एक क्षण आधी सुरू करतो. गाडीच्या निम्म्या सस्पेन्शनचं काम आपले खांदे करत असतात आणि आपण मात्र मित्राला सांगतो, "गाडी एकदम बटर आहे." मित्र चालवायला बसतो आणि पहिल्याच ब्रेकला दचकून आपल्याकडे बघतो. म्हणून जुन्या गाडीचं खरं प्रगतिपुस्तक पाहायचं असेल, तर ती परक्या हातात द्यावी. मालकाची साक्ष ग्राह्य धरू नये.

रस्त्यांना दोष देण्याची रीत आहे, पण त्यात नवीन काही सांगण्यासारखं नाही. फक्त स्पीडब्रेकरबद्दल एक नोंद करतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गोलसर स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने गेलेल्या गाडीला तो झोपाळ्यासारखा उचलून ठेवतो. आमच्या भागातले स्पीडब्रेकर रुंदीला वीतभर आणि उंचीला महत्त्वाकांक्षी आहेत. सोसायटीच्या फाटकापाशी तर पिवळ्या-काळ्या रबराचाच ब्रेकर ठोकलेला आहे. बाहेरच्या रबराने आतलं रबर कायमचं नमवल्याचं दृश्य मी रोज संध्याकाळी पाहतो.

हे सगळं गाडीच्या नावाला शोभणारं नाही, कारण ऑक्टाव्हिया या नावाचा आणि पुढच्या सस्पेन्शनचा संबंध जुना आहे. 1959 साली चेकोस्लोव्हाकियात मूळ ऑक्टाव्हिया आली, ती आधीच्या 440 याच गाडीची सुधारलेली आवृत्ती होती. सुधारणा मुख्यतः पुढच्या चाकांशी होती: आडवा पाटा गेला आणि त्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. तेवढ्या जोरावर गाडीला नवं नाव मिळालं. आज नुसत्या दिव्यांचा आकार बदलून नवं मॉडेल म्हणणाऱ्यांच्या मानाने ही माणसं प्रामाणिक म्हणायची. आपल्याकडच्या ऑक्टाव्हिया मग छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जोडल्या गेल्या. म्हणजे माहेर चेक देशातलं म्लादा बोलेस्लाव, आणि संस्कार मराठवाड्याच्या रस्त्यांचे.

तर शेवटी गॅरेज. उस्ताद ट्रायलला शेजारी बसतील, मान तिरकी करून आवाज ऐकतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी गाडी सुरूच केली नाही. पिटवर घेतली, खाली उतरले आणि आर्म नि सबफ्रेमच्या फटीत टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घालून हलकेच दाबली. मला खाली बोलावून बॅटरीचा उजेड मारला. मागच्या बुशच्या पोकळीपासून निघालेली चीर टॉमी दाबली की उघडायची, सोडली की बंद व्हायची. आत रबराचा ताजा काळा रंग, बाहेर वर्षानुवर्षांची राखाडी धूळ. उघड-मीट चालू असताना ते शांतपणे म्हणाले, "साहेब, रबर कधीच सुटलंय. आर्म आता फक्त ओळखीवर उभा आहे."

मग सुट्या भागांची खरेदी. पुण्यात त्यासाठी नाना पेठेला पर्याय नाही. तिथल्या दुकानदाराला गाडीचं नाव सांगितलं की तो आधी तुमच्याकडे सहानुभूतीने बघतो आणि मग चहा मागवतो. चहा आला की समजावं, माल दिल्लीच्या काश्मिरी गेटहून यायचा आहे. इथे दोन पंथ आहेत. एक म्हणतो पूर्ण आर्मच घ्या, बुश आणि सगळ्यासकट, ठोकाठोकी नको. दुसरा म्हणतो आर्मला काय धाड भरली आहे, चांगल्या कंपनीचे नुसते बुश आणा आणि प्रेसवर बसवा. मी दुसऱ्या पंथाचा. स्वस्त आर्मबरोबर येणारं रबर कसं असेल याची खात्री नसते, आणि जुनं लोखंड सरळ असेल, गंजलेलं नसेल, तर ते टाकून देणं मनाला पटत नाही.

तिसरा पंथ तरुण मुलांचा. त्यांना रबर नकोच, पॉलियुरेथेन पाहिजे. पॉली बुश कडक असतो, स्टिअरिंग चटकन ऐकतं, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा स्वतःची ओळख करून देतो. रेसिंगच्या ट्रॅकवर ठीक. आईला घेऊन जेजुरीला जायचं असेल तर नको.

याच मुलांकडून मला कळलं, की ऑडी टीटी ही त्याच घराण्यातली, एकाच सांगाड्याच्या वंशातली गाडी. तिचा मागचा भरीव बुश आमच्या आर्ममध्ये तंतोतंत बसतो. पोकळ्या नाहीत, त्यामुळे आर्मची मागेपुढे डुलण्याची सवय जाते, आणि रबरच असल्यामुळे पॉलीइतका छळही नाही. मी तोच घेतला. त्यानंतर जे झालं ते मानवी स्वभावाला धरून झालं. पुढच्याच रविवारी मी कुणाला तरी सहज म्हणताना स्वतःला ऐकलं, "आपल्या गाडीत टीटीचा बुश आहे." म्हणजे बुशची बढाई मारता येते तर! फक्त तो श्रीमंत नातेवाइकाकडून आलेला असला पाहिजे.

कामाचं वर्णन मी थोडक्यात करतो, कारण त्यातला बराच वेळ गंजलेल्या बोल्टवर तेल मारून वाट पाहण्यात जातो. जुने बुश प्रेसखाली बाहेर येताना बंदुकीसारखा आवाज करतात. शॉकअपचं खालचं टोक एका चिरलेल्या कड्यात घट्ट बसलेलं असतं. ती चीर फाकवायला खास चावी मिळते. ती नसेल तिथे छिन्नी-हातोडा चालतो, आणि नंतर तेच कडं कायमचं वाकडं राहतं. उस्तादांकडे चावी होती. तेवढ्यावरून मी या माणसाकडे पुन्हा येणार हे ठरवून टाकलं.

बघण्यासारखी गोष्ट अखेरीस घडली. आयटीआय करून आलेला हाताखालचा मुलगा आर्म बसवून बुशचे बोल्ट जोरात आवळायला लागला. गाडी जॅकवर, चाकं काढलेली, आर्म खाली लोंबकळत. उस्तादांनी पाना हातातून काढून घेतला. "आत्ता फक्त हाताने लाव. आवळायचं गाडी जमिनीवर आल्यावर."

मुलाने कारण विचारलं नाही, मी विचारलं. हा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. त्याचं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला भाजून चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी जखडते. मग आर्म वर-खाली होतो तेव्हा फिरत काही नाही, रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. आता आर्म लोंबकळत असताना बोल्ट जखडला, तर रबराच्या लेखी तीच आरामाची स्थिती झाली. गाडी जमिनीवर उतरली, चाकं नेहमीच्या उंचीला आली, की ते रबर पिळलेलं ते पिळलेलंच. सिग्नलला उभं असताना पिळलेलं, रात्री पार्किंगमध्ये झोपेतही पिळलेलं. नवा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष रबराच्या कंपनीला जातो. म्हणून चाकं लावून गाडी पुन्हा पिटवर उभी करायची, एकदा-दोनदा दाबून बसवायची, आणि मग खालून ठरलेल्या टॉर्कला बोल्ट आवळायचे. त्यावर आणखी पाव फेरा, आणि बोल्ट नवेच, कारण हे बोल्ट ताणले जातात आणि एकदाच वापरायचे असतात. हे सगळं उस्ताद मुलाला सांगत असावेत असं मला वाटलं, पण तो बोल्टच्या पिशवीवरचा नंबर वाचत होता. मी मात्र नीट ऐकलं.

अलाइनमेंटच्या दुकानात संगणकावर हिरवे-लाल आकडे आले. टो, कॅम्बर, कॅस्टर, अशी सगळी पत्रिका. या गाडीत टाय रॉड फिरवून फक्त टो जुळवता येतो. कॅम्बरसाठी फार तर सबफ्रेम किंचित सरकवून डावी-उजवी बाजू सारखी करता येते. कॅस्टरकडे नुसतं पाहायचं. तरी तिथला मुलगा तिन्ही आकडे इतक्या गंभीरपणे वाचून दाखवतो, की आपण न समजताही मान डोलावतो.

घरी आल्यावर खर्चाचा आकडा कळला तेव्हा बायको म्हणाली, "एवढ्यात पुढचा बंपर तरी रंगवून झाला असता. दिसलं तरी असतं." तिचं बरोबर होतं. या खर्चातून दिसण्यासारखं काहीच मिळत नाही. गाडी तेवढीच वेगवान, तेवढीच जुनी, बंपरवरचा ओरखडाही तसाच. टकटक नाही, एवढंच. आणि नसलेला आवाज पाहुण्यांना ऐकवता येत नाही.

फरक हातांना कळला. साताऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर लक्षात आलं, की स्टिअरिंगवरची पकड आपोआप सैल झाली आहे. घाटात ब्रेक मारला तर गाडी नाकासमोर थांबली. वळणावर चाकाने विचार करायला वेळ घेतला नाही. दीडशेच्या दीडशे घोडे आधीही होतेच, पण त्यांना मोकळं सोडावं असा धीर होत नव्हता. उजवा पाय आपण होऊन हात राखून वागत होता. वेगाचं श्रेय टर्बोला खुशाल द्यावं. माझा अनुभव असा, की पाय खाली दाबायचा की नाही हे मागचा बुश ठरवतो, आणि त्याची किंमत टर्बोच्या मानाने अगदीच किरकोळ असते.

तुमच्याकडे अशी एखादी वयस्कर, पण अजून नखरा न उतरलेली गाडी असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला ऑइल बदलताना पाच मिनिटं जास्त मागून घ्या आणि बुशमध्ये टॉमी घालून बघायला लावा. बॉल जॉइंटचं बूट फाटलं असेल तर त्या दिवशी गाडी परत आणू नका. बदलायचे झाले तर दोन्ही बाजूंचे भाग एकदम बदला, बोल्ट नवे घ्या, आणि शेवटचा आवळा गाडी चाकांवर उभी असतानाच मारला जातो की नाही, हे तिथे उभं राहून बघा. अलाइनमेंट त्यानंतर, आधी नाही.